मांडीच्या हाडाचा परीघ: नववी ‘ब’च्या प्रकल्पाची वही

२९ जुलै २०२४
मधल्या सुट्टीत नववी ‘ब’मधला एकजण पेपरचं कात्रण घेऊन आला. टी. रेक्स हा मांसाहारी डायनोसोर १५ टनांपर्यंत वाढत असावा, अशी बातमी. शेजारी चित्र, चित्रात डायनोसोरच्या पायाशी बस. बस लाल डबा आहे की मिनीबस, कळायला मार्ग नाही. “सर, १५ टन मोजले कुणी?” हा त्याचा प्रश्न.

तालुका विज्ञान प्रदर्शनाला यंदा हाच विषय घ्यायचं ठरवलं. सिरिंजवर चालणारा जेसीबी आणि खायच्या सोड्याचा ज्वालामुखी गेली चार वर्षं नेतोय, आता त्यांना विश्रांती. सहा जणांचा गट. हाडांचं विज्ञानाच्या मॅडम बघणार, आकड्यांचं मी.

१ ऑगस्ट
बातमीमागचा लेख शोधून वाचला. कॅनडाच्या निसर्ग संग्रहालयातले जॉर्डन मॅलन आणि लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले डेव्हिड होन यांचा, ‘इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात याच जुलैत आलेला. गटाला पहिली गोष्ट फळ्यावर लिहून दिली: १५ टनांच्या टी. रेक्सचं हाड कुणालाही सापडलेलं नाही. हा आकडा संगणकातून निघालाय. आजवर किती टी. रेक्स होऊन गेले असतील, त्यांच्यात लहानमोठेपणा किती असेल, त्यातला सगळ्यात मोठा केवढा असेल, असा तो हिशेब. एकाच वयाच्या जनावरांत किती फरक पडतो, यासाठी अ‍ॅलिगेटर मगरींचा आधार घेतलाय.

निष्कर्ष असा की, सापडलेल्यांपेक्षा वजनाने ७० टक्के जड आणि लांबीने २५ टक्के जास्त. म्हणजे ८.८ टनांचे १५ टन, १२ मीटरचे १५ मीटर.

गटातली एकजण लगेच म्हणाली, लांबी सव्वापट तर वजन सव्वाचा घन. १.२५ चा घन १.९५. मग १७ टन व्हायला हवेत, १५ कसे? खरं आहे. गोल केलेले आकडे आहेत हे एक, आणि लांब जनावर त्याच प्रमाणात जाडही असतं असं नाही हे दुसरं. आपल्या वर्गातले उंच कोण आणि जाड कोण, यावर मग दहा मिनिटं गेली. थांबवावं लागलं, एकाच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं.

८ ऑगस्ट
पावसाने उघडीप दिली म्हणून मैदानावर फक्कीने आकृती काढली. आधार ‘सू’चा. शिकागोच्या फील्ड म्युझियममधला टी. रेक्सचा हा सांगाडा सू हेंड्रिक्सन या बाईंना १९९० साली साउथ डकोटात सापडला. लांबी १२.३ मीटर.

सुतळी १२.३ मीटर मोजून सरळ ताणली आणि दोन टोकांना खुंट्या ठोकल्या. मॅडम आल्या आणि म्हणाल्या, पाठ सरळ असते का? ही लांबी नाकाच्या टोकापासून मणक्यांच्या वळणावरून शेपटीच्या टोकापर्यंत मोजलेली असते. मान वर उचलली, पाठीला बाक दिला, तर जमिनीवर तेवढी जागा लागत नाही. सुतळी सैल सोडून परत आखली. टोकापासून टोकापर्यंत मीटरभर कमी भरली. लांबीचे आकडे वाचताना हे डोक्यात ठेवायचं.

९ ऑगस्ट
रात्री पाऊस. फक्की गेली. दोन खुंट्या राहिल्या, त्यातल्या एकीला अडखळून पाचवीतला मुलगा पडला. खुंट्या काढल्या.

१९ ऑगस्ट
आज ‘स्कॉटी’. सध्या सगळ्यात जड टी. रेक्स म्हणून याचंच नाव घेतात. १९९१ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे बरोब्बर तेहतीस वर्षांपूर्वी, कॅनडाच्या सस्कॅचवन प्रांतात सापडला. पहिलं हाड दिसलं ते रॉबर्ट गेबहार्ट यांना. हे ईस्टएंड गावचे शाळामास्तर, जीवाश्म कसे शोधतात ते बघायला संग्रहालयाच्या लोकांबरोबर गेले होते. शेपटीचा मणका आणि एक दात. हे वाचून मला जरा जास्तच आनंद झाला, लपवून काय करू. ‘स्कॉटी’ हे नाव आनंदाच्या भरात फोडलेल्या बाटलीवरून पडलं, हे मात्र गटाला सांगितलं नाही. त्यांनी ते फोनवर शोधलंच.

हाडं कठीण दगडात अडकलेली, ती सोडवायला वर्षं गेली. सविस्तर वर्णन २०१९ मध्ये आलं: ८,८७० किलो. आता मूळ प्रश्न. हे ८,८७० किलो मोजले कुणी?

२१ ऑगस्ट
उत्तर: शिलाईच्या टेपने. जवळजवळ तसंच. मांडीच्या हाडाचा मधला, सगळ्यात बारीक भाग शोधायचा, त्याला टेप गुंडाळायचा, घेर मिलिमीटरमध्ये घ्यायचा. दोन पायांवर चालणाऱ्या जनावराचं सगळं वजन त्या दोन हाडांवरून खाली उतरतं, म्हणून हाड जेवढं जाड तेवढं जनावर जड. सूत्र निकोलस कँपिओने आणि सहकाऱ्यांचं, २०१४ चं. परिघाचा लॉग (दहाचा कितवा घात केला की ती संख्या येते, तो आकडा) घ्यायचा, २.७५४ ने गुणायचा, ०.६८३ वजा करायचे, उलटा लॉग घ्यायचा.

नववीला लॉग नाही. फोनच्या कॅल्क्युलेटरवर केलं. स्कॉटीचा परीघ ५९० मिमी. एकाने उत्तर आणलं ८८,७०,००० किलो. अख्खा गट ओरडला. सूत्राचं उत्तर ग्रॅममध्ये येतं हे सांगायचं मीच विसरलो होतो. हजाराने भागल्यावर ८,८७०. छापलेलाच आकडा आपल्या वर्गात निघाला, तेव्हा सहाही जण गप्प झाले. असं फार वेळा होत नाही.

सूचा परीघ ५८०. उत्तर ८,४६० च्या आसपास. एक सेंटिमीटरला चारशे किलो.

नंतर जुनं सूत्रही लावून बघितलं, १९८५ चं. परिघाचा २.७३ वा घात, गुणिले ०.१६. तेच हाड, तोच टेप, तेच ५८० मिमी. उत्तर ५.६ टन! गटातला एकजण म्हणाला, “मग सूने २९ वर्षांत तीन टन वजन वाढवलं.” आणि नवं सूत्रसुद्धा स्वतःच २५ टक्के इकडेतिकडे होईल असं सांगतं. म्हणजे स्कॉटी साडेसहा टनांपासून अकरा टनांपर्यंत कुठेही. बातमीत हे येत नाही. बातमीत बस येते.

२३ सप्टेंबर
सूत्र जिवंत जनावरावर तपासून बघायचं होतं, पण श्रावण, मग गणपती. कोंबडी आणायची कुणाच्या घरून? अनंत चतुर्दशी झाल्यावर काल एकाच्या घरी बेत झाला. आईने मांडीचं हाड साफ धुऊन, उन्हात वाळवून, तंबाखूच्या रिकाम्या डबीत घालून दिलंय. डबीवर चिठ्ठी: जिवंत वजन १ किलो ८५०.

हाडाला शिलाईचा टेप लागेना, फार रुंद. म्हणून दोरा गुंडाळला, जिथे मिळाला तिथे पेनाने खूण केली, दोरा पट्टीवर सरळ केला. पहिल्यांदा २५, दुसऱ्यांदा २६, तिसऱ्यांदा परत २६. दोरा ताणला की २५ येतात. २६ ला उत्तर १ किलो ६३६ ग्रॅम. खऱ्यापेक्षा साधारण १२ टक्के कमी. २५ ला १ किलो ४६९. म्हणजे दोऱ्याच्या एका मिलिमीटरने पावणेदोनशे ग्रॅम खाल्ले. शिवाय ही ब्रॉयलर कोंबडी, खाऊ घालून फुगवलेली. गावठी आणून बघायला हवी. पण सूत्र कोंबडीपासून टी. रेक्सपर्यंत एकच चालतं आणि २५ टक्क्यांच्या आत उतरतं, हे हातात धरून बघितलं.

हाडाला आता वास येतोय. प्रदर्शनात न्यायचं तर काहीतरी करावं लागेल.

३० सप्टेंबर
एकीचा प्रश्न: वजन घनाने वाढतं तर सूत्रात ३ का नाही, २.७५४ का? यावर पूर्ण तास गेला, वाया नाही गेला. दोन जनावरं हुबेहूब एकाच आकाराची, एक मोठं एक लहान, असं असतं तर ३ च आला असता. २.७५४ याचा अर्थ, जनावर मोठं होत जातं तसं त्याचं हाड प्रमाणापेक्षा जास्त जाड होत जातं. व्हावंच लागतं. लांबी दुप्पट केली तर वजन आठपट, हाडाची कापलेली तोंडं मात्र चौपट. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर भार दुप्पट. तिने वहीत कोंबडीचा पाय काढला आणि बाजूला तोच पाय हत्तीएवढा मोठा करून. “सर, हा बघूनच मोडेल असं वाटतं.”

५ ऑक्टोबर
आज जे सापडलं ते माझ्याही डोक्यात नव्हतं.

स्कॉटीच्या हाडाचं मॉडेल करायचं होतं. परीघ ५९०, म्हणजे व्यास १८८ मिमी. पुठ्ठ्याचं करू म्हणत होतो. पण इथे कृष्णाकाठी पुठ्ठ्यापेक्षा पीव्हीसी पाइप सहज मिळतो. गटातल्या दोघांना घेऊन पाइपच्या दुकानात गेलो. दुकानदार इंचात बोलतो, पाइपवर मिमी छापलेले असतात. १६०, १८०, २००, पुढे २२५ आणि २५०. उपसा योजनेच्या लाइनला लागतात ते.

१८० च्या पाइपला टेप गुंडाळला. परीघ ५६५. तिथेच दुकानाच्या पायरीवर हिशेब: ७.९ टन. मग २०० चा. परीघ ६२८. १०.५ टन! दोन्ही पाइप शेजारी उभे केले तर लांबून कुठला कुठला ते सांगता येत नाही, आणि मध्ये अडीच टनांचा फरक. एका हत्तिणीएवढा.

पोरगा म्हणाला, “उलटं करू ना सर. १५ टनांना कुठला पाइप लागेल?” उलटं केलं. परीघ ७१४, व्यास २२७ मिमी. म्हणजे दुकानातला २२५ चा पाइप, १४.६ टन. स्कॉटी आणि बातमीतला राक्षस यांच्यात हाडाच्या व्यासाचा फरक चार सेंटिमीटरसुद्धा नाही.

दुकानदार आमच्याकडे बघतच राहिला होता. त्याने विचारलं, मोटर कितीची आहे? सांगितलं, मोटर नाही, डायनोसोर आहे. १८० आणि २०० चे फूटभर तुकडे त्याने तसेच दिले. २२५ चा तालुक्याहून मागवून कापून देतो म्हणाला, त्याचे पैसे द्यावे लागतील.

१४ ऑक्टोबर
सहामाहीचे पेपर तपासणं चालू. काही नाही.

१८ ऑक्टोबर
आज फक्त लांबीवाले, म्हणजे लांबीसाठी नाव घेतात ते दुसरे मांसाहारी डायनोसोर. १९९५ मध्ये अर्जेंटिनाचा जिगॅनोटोसॉरस जाहीर झाला, रुबेन कारोलिनी यांना तो दोन वर्षं आधी सापडलेला. साडेबारा मीटरच्या आसपास. त्याच्याही आधी मिळालेला खालच्या जबड्याचा एक तुकडा त्याच जातीच्या दुसऱ्या एकाचा, असं १९९८ मध्ये ठरलं, पहिल्यापेक्षा आठेक टक्के मोठा, त्यावरून १३.२ मीटर. जबड्याच्या तुकड्यावरून शेपटीचं टोक.

स्पायनोसॉरसची गोष्ट याहून मोठी. एर्न्स्ट श्ट्रोमर यांनी १९१५ मध्ये इजिप्तच्या हाडांवरून नाव दिलं, आणि ती हाडं एप्रिल १९४४ मध्ये म्युनिकवरच्या बाँबहल्ल्यात जळाली. २००५ मध्ये मिलानच्या संग्रहालयातल्या नाकाडाच्या तुकड्यावरून १६ ते १८ मीटर लांब, ७ ते ९ टन असा अंदाज आला. २००७ मध्ये दुसऱ्यांनी लांबी १४ मीटरवर आणली आणि वजन १२ ते जवळपास २१ टनांवर नेलं. २०२२ मध्ये पॉल सेरेनो यांच्या गटाचा अंदाज १४ मीटर, ७.४ टन. पोरांनी १८ मीटर सुतळी ताणली तर ती झेंड्याच्या कट्ट्यावर चढली. गुंडाळून १४ वर आणली. मांडीचं हाडच धड नसेल तर आमचा टेप काय कामाचा?

२१ नोव्हेंबर
दिवाळीची सुट्टी, मग विधानसभेची निवडणूक. शाळेत मतदान केंद्र. सुट्टी संपताच पोरांनी कोरड्या मैदानावर परत सू काढून ठेवली होती. परवा केंद्राची माणसं आली तेव्हा रांगेसाठी फक्की मारायला जागा शोधत होती. त्यांना ती पाठीची रेघ आयती मिळाली. काल दिवसभर मतदार मानेपासून शेपटीपर्यंत उभे. माझी स्वतःची पाळी कंबरेपाशी अर्धा तास अडकली. मागच्या आजोबांनी विचारलं, हा मगरीचा नकाशा कशाला? सांगितलं. ते म्हणाले, “एवढं खायला काय होतं पण त्याला?”

आज मैदानावर फक्त चपलांचे ठसे. आजोबांचा प्रश्न वहीत घेतला.

२५ नोव्हेंबर
आता मूळ लेखातला हिशेब शाळेच्या पातळीवर. २०२१ मध्ये चार्ल्स मार्शल आणि सहकाऱ्यांनी टी. रेक्सची शिरगणती केली होती: एका वेळी २०,००० जनावरं, १,२७,००० पिढ्या. गुणाकार करून घेतला, अडीच अब्ज. त्यातले वाढ झालेले सापडलेत बत्तीस. आठ कोटींत एक.

बत्तीस जणांच्या वर्गातला सगळ्यात उंच मुलगा सरासरीपेक्षा साधारण दोन प्रमाण विचलनं (सगळे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत, त्याचं माप) वर असतो. अडीच अब्जांतला सगळ्यात उंच सहा विचलनांच्या थोडा वर. आता स्कॉटी हा बत्तिसातला पहिला धरला आणि विचलन सरासरीच्या १० टक्के धरलं, तर सरासरी ७.४ टन आणि अडीच अब्जांतला पहिला १२ टनांचा. विचलन १५ टक्के धरलं तर १३ टन, २० टक्के धरलं तर १४. मॅलन-होन यांचं गणित याहून खूप खोल आहे, पण आपलं पायरीवरचं गणितही त्याच गल्लीत जाऊन उभं राहिलं.

खरी गंमत पुढे. मार्शल यांच्या शिरगणतीत चुकीला प्रचंड जागा आहे: एकूण जनावरं १४ कोटी ते ४२ अब्ज, यांत कितीही. तीनशे पट! मला वाटलं सगळं कोसळणार. १० टक्के विचलनाने परत केलं. १४ कोटींना ११.६ टन, ४२ अब्जांना १२.३ टन. गर्दी तीनशे पट वाढली तरी पहिला नंबर जेमतेम सातशे किलोने पुढे सरकतो. कारण टोकाकडे जनावरं फार झपाट्याने विरळ होत जातात. विचलन किती धरायचं यावर मात्र सगळं लटकलंय, आणि बत्तीस हाडांवरून ते नीट ठरत नाही.

मॅलन-होन यांनी एक हिशेब असाही दिलाय: आजच्या वेगाने खोदत राहिलं तर दहा हजारांत एक इतका मोठा टी. रेक्स हाती लागायला आणखी हजार वर्षं जातील.

२ डिसेंबर
कारखाना सुरू. एकाने वजनकाट्याची पावती आणली, त्यांची एक ट्रॉली ऊस, निव्वळ ९ टन २४०. म्हणजे स्कॉटी आणि वर थोडा चुराडा. तक्त्यावर बसच्या जागी ट्रॉली काढली. आमच्याकडे ट्रॉलीचं वजन सगळ्यांना कळतं.

९ डिसेंबर
“मग २५ टनांचा का नाही?” हा प्रश्न परीक्षक विचारणारच, म्हणून तयारी. जॉन हचिन्सन आणि मारियानो गार्सिया यांनी २००२ मध्ये पायांच्या स्नायूंचा हिशेब केला. मोठ्या टी. रेक्सला जोरात धावायचं तर लागणारे स्नायू अंगात मावतच नाहीत. तोच हिशेब सहा टनांच्या काल्पनिक कोंबडीवर लावला तर ती पळूच शकत नाही. हत्तीला चार पाय आहेत, याला दोनच, आणि शिकार पकडायचीय.

आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच मिळालं. खाण्याचा नेमका आकडा नाही, पण वाढीचा आहे. ग्रेगरी एरिक्सन यांच्या २००४ च्या कामात हाडांतली वलयं मोजलीत: चौदा ते अठरा या वयात टी. रेक्स दिवसाला दोन किलोंनी वाढत होता. सू अठ्ठावीस वर्षांची होऊन मेली. गटातले सगळे चौदाचे. एकाची आई म्हणते, आमच्याकडेही तेच चाललंय.

आपल्याकडचा कुठला, हे विचारणारच. राजासॉरस नर्मदेन्सिस, गुजरातमध्ये रहिओलीला, हाडं १९८० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी गोळा केलेली, नाव २००३ मध्ये. आधी साडेसात ते नऊ मीटर म्हणत, नंतर दुसऱ्यांनी मोजून ६.६ वर आणला. आपल्या राज्यात चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनोसोरची हाडं आणि शेणाचे दगड मिळतात, पण ते मुख्यतः शाकाहारींचे. इथे कृष्णाकाठी तर सगळा काळा बेसॉल्ट. खोदून पाणी लागेल, टी. रेक्स नाही.

१८ डिसेंबर
प्रदर्शन. टेबलावर तीन पाइप: १८०, २००, २२५. प्रत्येकाला शिलाईचा टेप बांधलेला, शेजारी फोनवर सूत्र. कोंबडीचं हाड काचेच्या बाटलीत, झाकण घट्ट. लोक येत, टेप गुंडाळत, आकडा बघत, दुसऱ्या पाइपला जात. जेसीबीवाल्यांपेक्षा गर्दी कमी, पण आलेला माणूस लवकर हलत नव्हता.

परीक्षकांनी विचारलं, “ठाम सांगा, सगळ्यात मोठा किती टनांचा?” ती वजन-घनवाली मुलगी म्हणाली, सापडलेल्यांत नऊ टनांच्या आसपास, त्यात पाव भाग चूक. होऊन गेलेल्यांत १२ ते १५. परीक्षकांनी एकच आकडा मागितला. ती म्हणाली, एकच देता येत नाही सर. त्यांनी काहीतरी लिहिलं.

दुसरा क्रमांक. पहिला ठिबक सिंचनाला.

२३ डिसेंबर
१८० आणि २०० चे तुकडे दुकानदाराला परत. २२५ चा परत घेतला नाही, एवढा तुकडा कोण नेणार म्हणाला. प्रयोगशाळेत तिसऱ्या कपाटावर ठेवलाय, आत खडू. कोंबडीचं हाड मॅडमनी टाकून दिलं.